ऑक्सफर्डचं एक वर्षाचं मास्टर्स: तिन्ही टर्म संपल्यावर

'वर्षाचा कोर्स' या शब्दांवर जाऊ नका. शिकवण्याचे आठवडे मोजून 24. मायकलमस, हिलरी आणि ट्रिनिटी अशा तीन टर्म, प्रत्येक 8 आठवड्यांची. तिथे तारखा कमी आणि 'तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार' असंच जास्त ऐकू येतं. आठवडा रविवारी सुरू होतो आणि पहिल्याच्या आधीचा आठवडा शून्यावा. फोनच्या कॅलेंडरमध्ये हे आकडे आधीच भरून ठेवा. मुंबईहून गणपती करून आरामात निघता येतं, दिवाळी मात्र मायकलमसच्या ऐन धबडग्यात येते. तेव्हा घरी यायचा विचारही करू नये.

मुंबई विद्यापीठाच्या सवयीने गेलेल्यांची खरी गाडी अडते ती निबंधात. सामाजिक शास्त्रं किंवा मानव्यविद्यांची वाचनयादी एका आठवड्यात संपणारी नसते, आणि संपवावी अशी कुणाची अपेक्षाही नसते. दोन-तीन गोष्टी नीट वाचायच्या, बाकीच्यांची प्रस्तावना, निष्कर्ष आणि तळटीपा चाळायच्या. आपल्याकडे 'अमुक म्हणतो, तमुक म्हणतो' अशी मांडणी केली की मार्क पडतात. तिथे शिक्षक एखाद्या वाक्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हे कशावरून?" पहिल्याच परिच्छेदात स्वतःची भूमिका नसेल तर पुढची दोन हजार शब्दांची हमाली फुकट. क्लासच्या नोट्सवर वाढलेल्यांना हे पचायला साधारण एक टर्म जाते, म्हणजे कोर्सचा तिसरा हिस्सा.

मार्कांचंही तसंच. बहुतेक मास्टर्सना 50 ला पास, 65 ला मेरिट, 70 ला डिस्टिंक्शन. 68 पडले म्हणून दादरला फोन करून रडू नका. आई-बाबांना हे गणित जाण्याआधीच समजावून ठेवलेलं बरं.

बॉडलियन ग्रंथालयाबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. 1602 पासून वाचकांसाठी खुलं आहे आणि ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेल्या पुस्तकाची प्रत प्रकाशकाकडून मागण्याचा हक्क त्याला आहे. पण मुख्य संग्रहातलं पुस्तक घरी मिळत नाही, तिथेच बसून वाचायचं. बराच साठा स्विंडनच्या गोदामात असतो, म्हणून कॅटलॉगमधून आधी मागवून ठेवावं लागतं. खोलीवर न्यायची पुस्तकं कॉलेजच्या लायब्ररीत आधी शोधा. कॉलेज आणि विभाग वेगळे: मास्टर्सचं शिक्षण मुख्यतः विभागात, खोली, जेवण आणि अडीअडचणीला माणूस कॉलेजात. कुठल्या कामाला कुठे जायचं हे कळेपर्यंत ईमेल इकडून तिकडे फिरत राहतात.

व्हिसाच्या पैशांत चूक होते ती अशी. फी आणि राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी. मध्ये एक दिवस जरी ईएमआय कापला जाऊन शिल्लक खाली गेली, तरी मोजणी नव्याने. शेअर, पीपीएफ, दागिने यांतलं काहीच धरत नाहीत. पैसे आई-बाबांच्या खात्यात असतील तर त्यांचं संमतीपत्र आणि तुमचा जन्मदाखला लागतो. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. रुपया घसरतो, त्यामुळे पाच-सात टक्के जास्तच ठेवा. कोर्स सहा महिन्यांपेक्षा मोठा असल्याने क्षयरोगाची तपासणीही लागते, आणि ती मान्यताप्राप्त केंद्रातच. नोकरीची मुभा टर्ममध्ये आठवड्याला 20 तास. मास्टर्सचा प्रबंध उन्हाळ्यात असेल तर तो काळही टर्मच धरतात, त्यामुळे 'उन्हाळ्यात फुल टाइम करून फी काढू' हा हिशेब चुकतो.

पैसे वसूल होतात का? वादात रमणाऱ्याचे होतात. प्लेसमेंटची हमी शोधणाऱ्याने इतका खर्च करू नये.

आता स्वयंपाकघर, कारण तिथे सगळेच फसतात. बऱ्याच हॉस्टेलांत इंडक्शन असतं आणि ॲल्युमिनियमचा साधा कुकर त्यावर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते दुकानातच बघून घ्या. दुसरं, फोडणी. स्वयंपाकघरात बहुधा उष्णतेवर चालणारा सेन्सर असतो, कॉरिडॉरमध्ये धुरावर चालणारा. त्यामुळे अलार्म मिरचीने वाजत नाही, वाजतो तो उघड्या दाराने. आधी दार लावा, खिडकी उघडा, मग मोहरी टाका. नाहीतर रात्री दहाला अख्खी इमारत चपला घालून थंडीत खाली, आणि सगळ्यांना हिंगाचा वास ओळखीचा झालेला.