वर्गासाठी खेळाचा पट: पुठ्ठ्यावर करू की फ्लेक्स छापू?

ऐरोलीत दुसरीला शिकवते, ठाण्याहून रोज लोकलने जाते, आणि दर जूनला कोणीतरी मॅडम विचारतातच की पट घरी पुठ्ठ्यावर करू का सरळ फ्लेक्स छापून घेऊ. मी दोन्ही वापरलेत म्हणून सांगते.

पुठ्ठा म्हणजे वाण्याकडचं खोकं, वर कार्डशीट, कडेने ब्राऊन टेप, सोंगट्यांना बाटलीची झाकणं. खर्च नाहीच म्हणा, पण खरा फायदा असा की चुकलं तर रात्रीतून बदलता येतं. माझा पहिला पट 100 घरांचा होता, 35 मिनिटांच्या तासात एकही गट शेवटपर्यंत पोचला नाही. हिशोब साधा आहे, एका फाशाला सरासरी साडेतीन घरं, म्हणजे 100 घरांना एकेकाला 28-30 वेळा फासा टाकावा लागतो आणि गटात 6 मुलं! आता 40 घरं आणि 4 चा गट, आरामात होतं.

त्या 40 घरांत 19, 29, 39 मुद्दाम रंगवलेत. एकोणतीस ऐकलं की मुलं 39 लिहितात, हे दुसरीच्या प्रत्येक मॅडमला माहितीय, 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, पण मुलांची अडचण खरीच आहे. पटावर एका मुलीने 30 वर बोट ठेवलं, एक घर मागे सरकवलं आणि ओरडली, "मॅडम, तिसाला एक कमी!" फळ्यावर मी हे कितीदा सांगितलं होतं, पण तिला ते बोटाने कळलं.

पुठ्ठ्याचा तोटा म्हणजे जुलैत दमट हवेने फुगतो, कोपरे सुटतात, आणि गर्दीच्या गाडीत न्यायचा तर घडी घालावीच लागते.

फ्लेक्स गुंडाळला की काखेत मावतो, ओला झाला तर पुसायचा. 6 बाय 6 फुटांवर मुलं स्वतःच सोंगट्या होतात. पण पट एकच, दोघं खेळणार आणि बाकीचे 36 बघणार. शिवाय दुकानात फाईल उघडली की मराठी अक्षरं फुटतात, माझ्या पटावर वेलांट्या भलतीकडे गेल्या आणि तो तसाच छापून आला. पीडीएफच न्या, आणि छापायच्या आधी स्क्रीनवर प्रत्येक घर वाचून बघा.

म्हणून संख्या, जोडाक्षरं, पाढे असा रोजचा सराव असेल तर पुठ्ठाच, 38 मुलांना 10 पट, पालकांना एका शनिवारी बोलावलं की होतात. तिसरीला जिल्हा शिकवायचा असेल तर मात्र फ्लेक्स. ठाण्याचे 7 तालुके जमिनीवर, शहापूरवरून मुरबाडला उडी मारायची, तिथून थेट भिवंडीला जाता येतं का ते मुलांनीच ठरवायचं. छापायचीही गरज नाही, उतरवलेल्या बॅनरची पाठ पांढरी असेल तर विचारून मागून घ्या, परमनंट मार्करने मस्त उमटतं.