फील्ड बरं की अ‍ॅनालिसिस?
मार्केट रिसर्च कंपनीत दोन्ही केलंय, म्हणून सांगते. फील्डला, म्हणजे घरोघरी जाऊन सर्व्हेचे फॉर्म भरताना, रोज लोकल, रोज नवी दारं. परळच्या चाळीत आजी ‘आधी चहा घ्या’ म्हणतात, टॉवरचा वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो. ग्राहक-घरांचे वर्ग पाडायच्या एनसीसीएस पद्धतीत मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी घरात किती, यावरून घराचा वर्ग ठरतो. आजींना ‘फ्रिज आहे का?’ विचारताना, तो नाही हे समोर दिसत असताना, माझी जीभ अडखळलीच. त्यात बॅक-चेकला, म्हणजे भरलेली माहिती खरी का हे पुन्हा तपासताना, फॉर्म बाद झाला की दिवस पाण्यात.

अ‍ॅनालिसिसला पगार बरा, एसीही. पण सकाळी क्लायंटचं प्रेझेंटेशन असलं की रात्री शेवटची लोकल गाठताना धाप लागते. आणि टेबलातल्या टक्क्यांत त्या आजी काही दिसत नाहीत. मी तरी पहिलं वर्ष फील्डच घेईन.