‘मॅडम, फक्त अपडेट करू नका’

35,300 रुपये. आकडा आधीच सांगते, म्हणजे पूर्ण वाचायचा धीर नसणाऱ्यांनाही कळेल की गोष्ट शे-दोनशेची नाही. 33,500 चा फोन, 600 चं कव्हर आणि काच, आणि फसल्यावरसुद्धा अक्कल न येता घातलेले 1,200. त्या 1,200 चं पुढे सांगते. त्याचीच जास्त लाज वाटते.

मी भांडुपला राहते. पतपेढीत चौदा वर्षं काउंटर सांभाळला, आता घरून पुरणपोळ्या आणि उकडीचे मोदक करून देते. ओटीपी कुणाला सांगत नाही, आलेली लिंक उघडत नाही. सासूबाईंना ‘डिजिटल अरेस्ट’वाल्याचा फोन आला तेव्हा त्यांच्या हातातून फोन घेऊन मीच त्याला गप्प केलं होतं. हे एवढ्यासाठी सांगतेय, की ‘बायकांना यातलं काय कळतं’ असं ज्यांच्या ओठांवर आलंय त्यांनी ते गिळून टाकावं.

आयफोनच कशाला, हा प्रश्न मला पोलीस ठाण्यातही विचारला गेला, म्हणून उत्तर देऊन ठेवते. जुन्या फोनमधून काढलेल्या फोटोत मोदकाच्या कळ्या दिसायच्याच नाहीत. सगळा एक पिवळट गोळा. आमच्या सोसायटीतली एक मुलगी तिच्या आयफोन 13 वरून फोटो काढून द्यायची, आणि त्या फोटोंवर ऑर्डर यायच्या. मग ठरवलं, घ्यायचा. हौस नव्हती, धंद्याचं सामान होतं.

7 जून 2025, शनिवार. सीएसएमटीवरून चालत दहा मिनिटांवरचं एक मार्केट, तळमजल्यावरचं चिंचोळं दुकान. त्याच मॉडेलचा इथला पक्क्या बिलाचा पीस आठ-नऊ हजारांनी महाग होता. दुकानदार म्हणाला, हा अमेरिकेचा माल, वापरलेला पण नव्यासारखा, फॅक्टरी अनलॉक, कुठलंही सिम चालेल. 38,000 वरून 33,500 वर आला. पक्कं बिल हवं तर 18 टक्के वर पडतील. हिशेब केला, 6,030 रुपये. वाचवले. हा आकडाही लक्षात ठेवा.

मी तपासलं नाही असं नाही. स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढला, खोक्यावरच्या आकड्याशी एकेक अंक जुळवला. तिथेच उभं राहून फोन तपासायच्या सरकारी 14422 नंबरवर केवायएम, स्पेस, आयएमईआय असा मेसेज टाकला. उत्तरात कंपनी आणि मॉडेल बरोबर आलं. चोरीचा नाही, नकली नाही. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली. आता कळतंय की मी सगळे प्रश्न बरोबर विचारले, पण भलत्याच परीक्षेचे. फोन खराच होता. तो माझ्या सिमसाठी मोकळा आहे का, हे त्यातल्या एकाही तपासणीत कळत नाही.

अमेरिकेत बरेच फोन मोबाइल कंपन्याच हप्त्यावर विकतात, आणि फोन त्या कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. अट पूर्ण झाली की ती कंपनी लॉक काढते. तोवर दुसऱ्या कुणाचं सिम चालत नाही. आपल्याकडे फोन वेगळा, सिम वेगळं, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. वास्तविक माझ्या यायला हवं होतं. 2003 साली 501 रुपये भरून घेतलेला रिलायन्सचा सीडीएमए फोन आमच्या बाबांकडे होता. त्यात सिमची खाचच नव्हती, फोन आणि नंबर एकजीव. कंपनी बदलायची तर फोनही बदला. ते सगळं बघितलेली मी, बावीस वर्षांनी या गल्ल्यासमोर बसले आणि विसरले.

आता तो क्षण. रात्री झोप येत नाही तेव्हा मी तोच बघते.

माझ्या जुन्या फोनचं सिम मी स्वतः काढलं होतं, बोटाच्या टोकावर घेऊन उभी होते. तो म्हणाला, “सिम मला द्या मॅडम, मी टाकून देतो.” मी दिलं. तो पाठ करून काउंटरच्या आतल्या दिव्याखाली वाकला. सिम टाकायला किती वेळ लागतो? माझ्या मुलाला दहा सेकंद लागतात. याने तीन-चार मिनिटं घेतली. चिमटा होता हातात. चिमटा! तेवढ्यात पोऱ्याने माझ्यासमोर कटिंग ठेवला, आणि मी त्या कपाकडे बघत बसले. मग फोन माझ्याकडे वळवला तर पडद्यावर कसली तरी यादी उघडलेली, त्याने भराभर दोन-तीन ठिकाणी बोट टेकवलं. विचारलं, काय करताय? “नेटवर्क सेट करतोय.” माझं सिम त्याच कंपनीचं, त्याच नंबरचं, सकाळपर्यंत चालू होतं. त्याला सेट काय करायचं होतं, हे मी विचारलं नाही. दांड्या आल्या, मुलाला फोन लावला, आवाज स्वच्छ. झालं.

निघताना म्हणाला, “मॅडम, फक्त अपडेट करू नका. बॅटरी उतरते. आणि सिम सारखं काढू नका, ट्रे नाजूक असतो.” मी त्याला थँक्यू म्हणाले. चांगला माणूस, काळजीने सांगतोय, असं वाटलं मला! 20,000 रोख, 13,500 यूपीआयने. यूपीआयवर नाव दुकानाचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. हातात पडलेल्या कागदावर वर ‘एस्टिमेट’ छापलेलं, खाली शिक्का तिसऱ्याच नावाचा आणि ‘7 दिवस चेकिंग’. पतपेढीत असा कागद माझ्यासमोर कुणी ठेवला असता तर मी तो परत केला असता.

अडीच महिने फोन उत्तम चालला. गणपती 27 ऑगस्टला. 20 च्या रात्री फोन चार्जिंगला लावला, आणि रात्रीतून तो आपला आपण अपडेट झाला. सकाळी व्हॉट्सअॅप घरच्या वायफायवर चालू, त्यामुळे दहा वाजेपर्यंत मला पत्ताच नाही. मग वर बघितलं तर दांड्या गायब आणि संदेश, ‘सिम नॉट सपोर्टेड’. माझ्या जुन्या गिऱ्हाईक काकू व्हॉट्सअॅप करत नाहीत, फोनच करतात. मुलुंडच्या एका सोसायटीच्या बाईंनी सहा वेळा लावला आणि ऑर्डर दुसरीकडे दिली. 151 मोदक, 40 ला एक, 6,040 रुपये. पक्क्या बिलाचे 6,030 वाचवले होते ना मी?

कानातल्याच्या तारेने ट्रे ओढून काढला. सहज येईना, घासत आला. माझ्या सिमवर काहीतरी चिकटलेलं होतं. माशाच्या खवल्याएवढं पातळ, एका बाजूला सोनेरी ठिपके, मधोमध तांदळाच्या कणीएवढा काळा उंचवटा. नखाने उचललं तर सुटून आलं. भांडुप स्टेशनबाहेरच्या रिपेअरवाल्या मुलाने लांबूनच बघितलं आणि म्हणाला, “आंटी, ये तो चिपवाला पीस है.” फोन अमेरिकेतल्या कुठल्यातरी कंपनीला लॉक आहे. सिम आणि फोनच्या मध्ये ही चिप बसते आणि सिम त्या कंपनीचंच आहे अशी फोनची समजूत घालते. अपडेटमध्ये ती पळवाट बुजली की खेळ खलास. बाजारातल्या सगळ्यांना हे ठाऊक असतं. म्हणूनच ‘अपडेट करू नका’.

सेटिंग्ज, जनरल, अबाउट. खाली ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ असते. मोकळ्या फोनवर तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ येतं. माझ्यावर होतं ‘सिम लॉक्ड’. पहिल्या दिवसापासून असणार. काउंटरवर उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात दिसलं असतं. हात थरथरले तरी चालतील, पण कुणाचाही जुना किंवा बाहेरचा आयफोन घेताना ही ओळ स्वतः उघडून वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

आणि मग ते 1,200. त्या रिपेअरवाल्या मुलाने नवीन चिप घालून देतो म्हटलं, गणपती तोंडावर होते, मी हो म्हणाले. चार दिवस चालली. पाचव्या दिवशी आमच्या घरी आरती चालू असताना पुन्हा दांड्या गेल्या. चोराने दिलेली वस्तू फेकून मी तीच दुसऱ्याकडून विकत घेतली. ह्यांना अजून हे सांगितलेलं नाही. इथे वाचतील.

दुकानात गेले तर तो शांत. “मॅडम, हमने बोला था ना, अपडेट मत करना.” म्हणजे जी सूचना मी उपकार समजले होते, ती त्याची पळवाट होती. 11,000 ला परत घ्यायला तयार झाला. तोच फोन पुढच्या बाईला 33,500 ला!

आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेले. दुकान तिकडे आहे, तिकडे जा. तिकडे गेले. “फोन चालू होतो ना?” होतो. “चोरीचा आहे?” नाही. “मग गुन्हा काय?” मी म्हटलं, साहेब, लॉक असलेला फोन चिप लपवून अनलॉक म्हणून विकला, याला फसवणूक नाही तर काय म्हणतात? भारतीय न्याय संहितेचं 318 कलम वाचून गेले होते, जुनं 420. कलम ऐकून साहेब हसले. “तुम्हाला आयफोनच कशाला हवा होता?” नंतर, “घरी मिस्टरांना माहीत आहे का?” पैसे माझे, फोन माझा, धंदा माझा, आणि चौकशी मिस्टरांची! शेवटी अर्ज घेतला, त्यावरही पोच द्यायला तयार नव्हते, मी बाकावरून उठले नाही म्हणून शिक्का मिळाला. दोन आठवड्यांनी गेले तर अर्ज ज्यांच्याकडे ते बंदोबस्तावर. पुन्हा गेले तर रजेवर. तिसऱ्यांदा, “आम्ही दुकानदाराला बोलावून समज दिली आहे.” समज! तक्रार करणाऱ्या बाईला न विचारता, न बोलावता, समज देऊन मोकळे. हद्दीचं कारण ऐकून परत फिरलेल्यांना सांगते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. मला हे घरी आल्यावर भाऊजींनी सांगितलं. तिथल्या माणसाचं ते सांगण्याचं काम होतं, भाऊजींचं नव्हे.

सायबरवाले म्हणाले, हे ऑनलाइन नाही. एका हेल्पलाइनवर जीएसटी नंबर मागितला. तो असता तर मी कशाला फोन केला असता? सर्व्हिस सेंटरच्या मुलीने मात्र नीट सांगितलं, की लॉक फक्त ज्या कंपनीने घातलाय तीच काढू शकते. त्या अमेरिकी कंपनीच्या साइटवर गेले, तर अनलॉकसाठी जे मागतात ते पहिल्या मालकाकडेच असणार. तो कोण, कुठे, देव जाणे.

लॉक नसला तरी भानगड संपत नाही, हेही यात शिकले. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, कॉल व्हीओएलटीईवर, म्हणजे फोरजीच्या जाळ्यावरूनच जातो. परदेशी मॉडेलला इथे व्हीओएलटीई मिळत नसेल तर इंटरनेट चालेल आणि कॉल लागणार नाही. जिओचे फोरजीचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, 3, 5 आणि 40, फाइव्हजीचे एन 28 आणि एन 78. बाहेरच्या पीसमध्ये सगळे असतील असं धरू नका, पूर्ण मॉडेल नंबर घेऊन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर बघा. आयफोनच्या मॉडेल नंबरच्या शेवटी एलएल/ए असेल तर तो अमेरिकेचा, एचएन/ए असेल तर आपला. अमेरिकेच्या 14 पासून पुढच्या फोनना सिमचा ट्रेच नाही, नुसतं ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम. कुणी मावसभाऊ तिकडून आणतो म्हणाला तर आधी हे विचारा. आणि सिम स्वतःच्या हाताने घाला. दुकानदार हात पुढे करेल, देऊ नका. दुसऱ्या कंपनीचंही एक सिम घालून कॉल लावून बघा. ‘फॅक्टरी अनलॉक’ हे शब्द बिलावर लिहून मागा. का-कू केली तर चहा अर्धा टाकून उठा.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून तिथे ऑनलाइन भरायला घेतली. समोरच्याचं नाव मागतात. पाटीवर एक, शिक्क्यावर दुसरं, यूपीआयवर तिसरं. भाऊजी म्हणाले, पाटीचा फोटो जोडूया.

फोटो काढायला गेले, त्याच फोनने. त्याचा कॅमेरा काय, अजून झकास आहे. पडद्यावर पाटीखाली तो दिसला, पाठमोरा, दिव्याखाली वाकलेला, आणि समोर स्टुलावर कॉलेजची एक मुलगी, हातात कटिंग. मी सरळ आत गेले आणि तिला म्हटलं, अबाउटमध्ये जाऊन कॅरिअर लॉक बघ आधी. तो ओरडायला लागला. मुलगी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत म्हणाली, “काकू, पण मी पैसे ऑलरेडी दिलेत.”