गजगे अस्सल, बाकी नुसता थाट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणी पोरांना घेऊन माहेरी येतात, म्हणजे आमच्याकडे चोपड्याला. सकाळ-संध्याकाळ झोक्यावर निघते, पण दुपारचं काय? पारा ४३-४४ला टेकलेला, अंगणात पाय ठेवायची सोय नाही. मोबाइल हातात द्यायचा नव्हता, म्हणून जळगावच्या एका प्रदर्शनातून ‘हातांचे पारंपरिक खेळ’ अशी पेटी आणली. किंमत ३५० रुपये. आत पाच गजगे, म्हणजे सागरगोटे, सहा कवड्या, चिंचोक्यांची पिशवी आणि एक पुस्तिका.

गजग्यांना पैकीच्या पैकी. हल्ली रंगीत प्लास्टिकचे मिळतात, ते फरशीवर आपटले की टणकन उडून थेट कपाटाखाली जातात. हे खरे बियांचेच आहेत. राखाडी, गुळगुळीत, अंगावर बारीक आडव्या रेषा. खात्री करायची जुनी पद्धत मला ठाऊक होती: फरशीवर खसाखसा घासला आणि भाच्याच्या दंडाला टेकवला. असा चटका बसला की पोरगं उडालंच. मग काय, दिवसभर घरात एकमेकांना चटके देण्याचाच खेळ! पुस्तिकेत याचा उल्लेख नाही, ते एक बरंच आहे.

एक बारीक तक्रार आहे. पाचही गजगे मोठे आहेत. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक इथपर्यंत ठीक. पण चारही एकदम उचलायची वेळ आली की सात-आठ वर्षांच्या पोराच्या मुठीत ते मावतच नाहीत. लहानग्यांना आम्ही चिंचोके दिले, त्यांचं झकास जमलं.

पुस्तिका मात्र खेळून न बघताच लिहिलेली वाटते. ‘गोटा शक्य तितका उंच उडवा’ म्हणे! पोरांनी उडवला, तो फिरत्या पंख्याला लागून शोकेसच्या काचेवर आला. थोरल्या ताईने पुस्तिका बाजूला सारली आणि स्वतः फतकल मारून बसली. तिचा गोटा कपाळाच्या वर जात नाही. नजर त्या गोट्यावर, खाली हात आपोआप फिरतो, आणि झेलताना तळवा किंचित खाली नेते, त्यामुळे आधी उचललेले निसटत नाहीत. डाव्या हाताची कमान करून त्यातून एकेक आत सारायचा डावही तिनेच शिकवला. पुस्तिकेतल्या चित्रात तिथे दोन्ही हात उजवेच काढलेत.

बाकी पानं भरायला चिमणी उडाली, आपडी-थापडी, एकी-बेकी. एकी-बेकीला निदान मूठभर चिंचोके तरी लागतात. पहिल्या दोघांना दहा बोटांपलीकडे काही लागत नाही, त्याचे पैसे कशाचे घेता? तरी सर्वांत जास्त हशा ‘चिमणी उडाली’लाच झाला. मी ‘केळी उडाली’ म्हणालो आणि धाकट्या ताईचे मिस्टर, चांगले बँकेत साहेब, बोट वर करून बसले! कवड्या दिल्या, पण पट दिलेला नाही. शेवटी जमिनीवर खडूने आखला.

मायने पेटी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, ‘‘हाई पैसा देईसन लई उना का रे?’’ म्हणजे, हे पैसे देऊन आणलंस का रे? तिच्या लहानपणी गजग्याची काटेरी वेल शेताच्या कुंपणालाच असायची.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना भेट द्यायची असेल तर पेटी दिसायला छान आहे, जरूर घ्या. घरी खेळायला हवे असतील तर कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात सागरगोटे सुटे मिळतात, औषधाला लागतात म्हणून ते ठेवतातच. तिथे हातात घेऊन सारख्या मापाचे, जरा लहान असे पाच निवडा. घरात रांगतं पोर असेल तर चिंचोके आणि गजगे दोन्ही वरच्या फळीवर ठेवा. पेटीवर तशी सूचना कुठेच छापलेली नाही.