उभ्या गाडीचा चार्जर: अठरा महिने वापरल्यानंतर

देवरुखपासून अकरा किलोमीटरवर आमची वाडी आहे. डांबरी रस्ता सोडला की शेवटचा अर्धा किलोमीटर लाल मातीचा चढ. पावसाळ्यात त्या चढावर गाडी घालायची म्हणजे ती रुतणार हे ठरलेलं. त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमची छोटी पेट्रोल गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभीच असते. तिची खरी गरज मात्र याच चार महिन्यांत पडते, कारण सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि पावसाळी हवेत तो बळावतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या रात्री, त्यांना श्वास घेता येईना. सव्वादोन वाजले होते. चिखल असो नाहीतर काही असो, गाडी काढायचीच होती. मी चावी फिरवली. आतून नुसतं टकटकटक आलं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत विझले. बॅटरी उतरली होती. ढकलून चालू करावी तर पुढे चिखल आणि आम्ही दोनच बायका. शेवटी खालच्या वाडीतून भाऊजी त्यांची जीप घेऊन आले. देवरुखला पोचेपर्यंत पाऊण तास गेला. सासूबाई वाचल्या, आज ठणठणीत आहेत. पण तो पाऊण तास मी विसरू शकलेले नाही.

मला जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. मी बत्तीस वर्षं मुंबईत एमटीएनएलमध्ये काम केलं. ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस घेऊन गावी आले. त्यातली पहिली दहा वर्षं एक्स्चेंजच्या पॉवर प्लँटमध्ये गेली. तिथल्या बॅटरी रूममध्ये दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीने मांडलेले असायचे. लाइट गेली तरी टेलिफोन बंद पडायचा नाही, तो या चोवीस सेलांच्या जिवावर. हे सेल वर्षानुवर्षं नुसते उभे असत, वापर क्वचितच, तरी लागतील तेव्हा भरलेले. कारण त्यांना सतत एक ठरावीक दाब दिलेला असे. सीलबंद सेल आल्यावर हा दाब दर सेलला २.२५ व्होल्ट, म्हणजे पूर्ण संचाला ५४ व्होल्ट होता. आम्ही त्याला ‘फ्लोट’ म्हणायचो. गाडीच्या बॅटरीत असेच सहा सेल असतात. सहा गुणिले २.२५ म्हणजे १३.५ व्होल्ट. एवढं साधं गणित माझ्या हातात असून घरच्या गाडीला ते लावलं नाही, याची त्या रात्री फार खंत वाटली.

आता त्या चार्जरबद्दल, जो उभ्या गाडीच्या बॅटरीला असाच फ्लोट देऊन भरलेली ठेवतो. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढा डबा आहे. १२ व्होल्ट, १ अँपिअर. रत्नागिरीला २,३०० रुपयांना घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानात याच आकाराचे, याच जागी दिवे असलेले तीन वेगळ्या नावांचे डबे शेजारी शेजारी होते. नावापेक्षा पुढे सांगते त्या गोष्टी पाहून घ्या.

हा घेण्याआधी मी एक चूक केली होती. साडेसातशे रुपयांचा साधा ट्रिकल चार्जर आणला होता. आत एक ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, बस. त्याला बॅटरी भरली की नाही हे कळतच नाही, तो आपला करंट ढकलत राहतो. आठव्या दिवशी मीटर लावला तर टर्मिनलवर १५.१ व्होल्ट. झाकणं उघडली तर प्रत्येक सेलमध्ये बुडबुडे, पाणी खाली गेलेलं आणि झाकणांभोवती ॲसिडचा ओलसर थर. ते बुडबुडे म्हणजे पाणी फुटून निघणारे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. बंद शेडमध्ये हायड्रोजन साठला आणि कुणी विडी पेटवली तर काय होईल, या विचारानेच मी तो तेव्हाच काढून टाकला. रात्रभर लावून सकाळी काढायचा असेल तर तो चालेल. चार महिने लावून ठेवण्याची वस्तू ती नव्हे.

नवा चार्जर तीन पायऱ्यांनी काम करतो. आधी पूर्ण १ अँपिअर देतो, व्होल्टेज १४.४ पर्यंत चढलं की तिथे धरून ठेवतो, करंट उतरत गेला की १३.५ वर येऊन थांबतो. तोच आमचा एक्स्चेंजचा फ्लोट. हे डब्यावर लिहिलेलं होतंच, पण मी मीटर घेऊन बसले आणि वहीत आकडे लिहिले. पहिल्या दिवशी बॅटरी १२.१८ व्होल्टवर होती, म्हणजे साधारण निम्मी. बावीस तासांनी १४.४ झाली. पुढे पाच तासांनी हिरवा दिवा लागला आणि काटा १३.५ वर स्थिरावला. आठवडाभराने, महिन्याने, गणपतीत, दिवाळीत, जेव्हा जेव्हा मीटर लावला तेव्हा १३.४ ते १३.६ च्या बाहेर गेला नाही. चार्जर काढून रात्रभर ठेवली तर सकाळी १२.७. भरलेल्या बॅटरीचा हाच आकडा.

गाडी बंद असताना बॅटरी उतरते कशी, असं भाऊजींनी विचारलं होतं. त्यांच्यासमोरच मोजलं. गाडी लॉक केली, सगळं शांत व्हायला वीस मिनिटं थांबले आणि निगेटिव्ह वायरमध्ये मीटर जोडला. २८ मिलिअँपिअर. घड्याळ, लॉकचा रिसीव्हर, इंजिनच्या कंप्युटरची मेमरी, सगळं मिळून एवढं. पण हे चोवीस तास चालतं. महिन्याला वीस एएच (अँपिअर-तास, बॅटरीतल्या विजेचं माप) होतात आणि आमची अख्खी बॅटरीच ३५ एएचची! शिवाय बॅटरी आपली आपणही उतरते, उन्हाळ्यात जास्त.

यावर सगळ्यांचा उपाय एकच, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवायची. आम्हीही तेच करत होतो. हिशेब मांडा. आठवड्यात गेले ४.७ एएच. उभ्या गाडीच्या अल्टरनेटरने (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) बॅटरीला दहा अँपिअर दिले असं धरलं तरी दहा मिनिटांत १.७ एएच सुद्धा परत येत नाहीत. दर आठवड्याला तीनची तूट. गाडी चालू होते म्हणून आपण निर्धास्त असतो आणि आत बॅटरी उपाशी राहते. उपाशी राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. ते ताजं असताना चार्जिंगने विरघळतं, पण बॅटरी १२.४ च्या खाली आठवडेच्या आठवडे राहिली तर त्याचे खडे होतात. मग कितीही भरा, ती जागा कायमची गेली. आमच्या बॅटरीचं असंच झालं होतं.

इथे चार्जरच्या डब्यावरच्या एका दाव्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ‘जुनी बॅटरी पुन्हा जिवंत करतो’ असं त्यावर छापलेलं आहे. त्या रात्रीच्या बॅटरीवर मी तो मोड सलग सात दिवस चालवला. हायड्रोमीटर मी मुंबईहून जपून आणला आहे, त्याने सहाही सेलांची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिड किती दाट आहे ते, पाहिली. सेल जितका भरलेला तितका हा आकडा जास्त. पाच सेल १.२५० च्या आसपास आले, एक १.१२० वरून हलला नाही. एक सेल गेला की बॅटरी गेली. जुनी परत देऊन नवी ४,२०० रुपयांना आणली. चार्जर चांगली बॅटरी सांभाळतो. मेलेली उठवेल या आशेवर पैसे घालू नका.

कोकणात राहणाऱ्यांनी सगळ्यात आधी पाहायची गोष्ट वेगळीच आहे. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून पाच-सात वेळा लाइट जाते. लाइट आल्यावर चार्जर आपोआप, त्याच मोडमध्ये सुरू होतो का? हा होतो. मी स्विच दहा वेळा बंद-चालू करून पाहिला, दहाही वेळा झाला. भाऊजींनी दुसरा आणला होता, दिसायला देखणा, आकडे दाखवणारी स्क्रीन असलेला. पण लाइट जाऊन आली की तो बटण दाबेपर्यंत झोपून राहायचा. त्यांनी पंधरा दिवस लावून ठेवला आणि बॅटरी उतरलेलीच मिळाली. त्याहून वाईट म्हणजे लाइट नसताना तोच बॅटरीतून ४० मिलिअँपिअर ओढत होता. माझा चार्जर अशा वेळी ४ मिलिअँपिअर ओढतो, तेवढं चालून जातं. दुकानदाराला हे दोन प्रश्न विचारा. उत्तर देता आलं नाही तर तिथेच जोडून दाखवायला सांगा.

तक्रारी आहेत. वायर फार आखूड, जेमतेम दीड मीटर. चिमट्यांच्या दातांवर पहिल्याच पावसाळ्यात गंज आला. मी ते कापून टाकले, टर्मिनलच्या बोल्टखाली बसणारी रिंगची वायर फ्यूजसकट जोडली आणि तिचं टोक पुढच्या जाळीतून बाहेर काढलं. आता बॉनेट उघडावं लागत नाही. उंदरांसाठी ती वायर पीव्हीसीच्या नळीत घातली आहे. हे शेडमध्ये गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने करावं, कारण उंदराने कुरतडलेली लाल वायर बॉडीला टेकली की शॉर्ट. म्हणूनच फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. हिरवा दिवाही दिवसा नीट दिसत नाही. आणि बॅटरी अगदीच उतरली असेल, आठ व्होल्टच्या खाली, तर हा चार्जर तिला ओळखतच नाही. अशा वेळी दुसऱ्या बॅटरीचा आधार देऊन सुरुवात करावी लागते.

चिमट्यांचाच असेल तर क्रम पाळा. आधी लाल पॉझिटिव्हला, मग काळा बॅटरीपासून लांब इंजिनच्या धातूला, मग भिंतीवरचा स्विच. काढताना उलट. ठिणगी उडालीच तर ती बॅटरीच्या तोंडाशी उडू नये, एवढ्यासाठी. शेडची एक बाजू उघडी ठेवा.

विजेचा खर्च विचाराल तर बॅटरी भरल्यावर हा साधारण ३ वॉट घेतो. महिन्याला सव्वादोन युनिट. चार्जर आणि वीज मिळून दीड वर्षात जे गेलं, ते एका नव्या बॅटरीपेक्षा कमी आहे.

रोज वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवणाऱ्यांना याची गरज नाही, अल्टरनेटर ते काम करतो. शहरात इमारतीखाली प्लग नसेल तर वरून लोंबती एक्स्टेंशन वायर टाकण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा तासभर हायवेला गाडी नेणं बरं. आणि चार्जर लावला म्हणून गाडी विसरू नका. टायर, ब्रेक, इंजिन यांना फिरणंच लागतं. आमच्या हवेत ब्रेकच्या चकत्या दहा दिवसांत तांबूस होतात. उघडीप मिळाली की मी खालच्या वाडीपर्यंत तरी नेऊन आणते.

वळवाचे आणि परतीचे ढग गडगडायला लागले की मी प्लग काढून ठेवते. १ अँपिअरच्या नाजूक वस्तूला वीज कडाडताना भिंतीत ठेवणं बरोबर नाही. गेल्या ऑक्टोबरात मी मुंबईला मुलाकडे होते. सासूबाईंनीच ते आठवणीने केलं, आणि ढग गेल्यावर परत लावून मला फोनवर सांगितलं, “दिवा हिरवो झालो गो.”