स्कॉटिश कुळाचा शोध: घरबसल्या की एडिनबरोत?

स्कॉटलंडमधील पूर्वजांचा माग काढणाऱ्या एका स्नेह्यांनी विचारले, की ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावरच काम भागवावे, की एडिनबरोच्या जनरल रजिस्टर हाउसमधील त्याच नावाच्या शोधकेंद्रात जाऊन बसावे? मुख्य नोंदी दोन्हीकडे त्याच आहेत: 1855 पासूनची जन्म-विवाह-मृत्यूंची नागरी नोंदणी आणि त्याआधीची चर्चची दप्तरे, ज्यांतले सर्वांत जुने 1553 चे आहे.

खर्चात मात्र मोठा फरक पडतो. संकेतस्थळावर नोंदीच्या प्रत्येक प्रतिमेचे पैसे पडतात, तर केंद्रात दिवसाचे एकच शुल्क भरून नोंदीमागून नोंदी उघडता येतात. मॅकडोनल्डसारखे आडनाव असेल, तर एकाच नावाच्या अनेक माणसांतून आपला कोण हे ठरवताना ही मोकळीक फार मोलाची ठरते. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईचे माहेरचे आडनावही असते. खरी ओळख मला तरी तिथेच पटते. शिवाय 100 वर्षांच्या आतील जन्मनोंदींच्या प्रतिमा घरून दिसत नाहीत, केंद्रात दिसतात.

प्रवासाचा खर्च आणि दगदग पाहता, मोजक्या व नेमक्या नोंदी हव्या असणाऱ्याने घरूनच काम करावे. प्रचलित आडनावाचे किंवा अलीकडच्या पिढ्यांचे कूळ शोधणाऱ्याने आधी नावांची यादी करून एडिनबरोला एक-दोन दिवस द्यावेत.