डेमोची कात्री वेगळी, बॉक्समधली वेगळी! सावध राहा

बागकामाच्या प्रदर्शनात 'जपान स्टील' लिहिलेल्या हेज कात्र्या (कुंपणाची झुडपं छाटायच्या मोठ्या कात्र्या) विकणारा स्टॉल दिसला तर पैसे काढायच्या आधी हे वाचा. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे 1,500 रुपये गेले ते गेलेच, पण त्यापायी आमच्या माळीमामांवर नसता आळ आला, त्याचा मला जास्त राग आहे.

स्टॉलवरचा माणूस कामिनीची हिरवी फांदी, पेरूची वाळकी काठी, ओला पेपर, सगळं सपासप कापून दाखवत होता. बॉक्सवर छापील किंमत 3,499, आज फक्त 1,500, वर एक सिकेटर (एका हाताने फांद्या छाटायची छोटी कात्री) फ्री. घेतो म्हटलं की हातातली देत नाही, टेबलाखालून सीलबंद बॉक्स काढतो, म्हणतो घरी जाऊनच उघडा, इथे सील तोडलं तर वॉरंटी जाईल. सगळी मेख इथेच आहे. डेमोच्या कात्रीला मधे नट-बोल्ट होता आणि बॉक्समधलीला रिबीट (ठोकून कायमची बसवलेली खीळ), बाकी तीच हिरवी मूठ, तोच चकचकीत मुलामा. रिबीटवाली एकदा ढिली पडली की आवळता येत नाही, पाती सुटी करून धार लावता येत नाही.

थोडे दिवस बरी चालली. मग ड्युरांटाच्या कुंपणावर पाती फाकायला लागली, कोवळी फांदी कापली न जाता मधे दुमडून अडकायची. कामिनीचा गोल आकार केला तेव्हा जवळून बघितलं तर टोकाटोकाला सालीचे धागे लोंबत होते, आणि दोनेक दिवसांत सगळी टोकं तपकिरी, लांबून झाड भाजल्यासारखं दिसायला लागलं. कमिटीतले लोक म्हणाले मामांनी जाड फांद्यांवर चालवली असणार, विक्रेत्याला फोन केला तर तोही तेच म्हणाला. अहो, बोटाएवढी जाड फांदी आली की मामा कात्री खाली ठेवून करवत घेतात! काम झालं की डिझेलच्या फडक्याने चीक पुसतात, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडतात, धार फक्त उताराच्या बाजूने लावतात आणि सपाट बाजूला उठलेली बारीक कड नुसती मोडतात. त्यांची जुनी कात्री याच निगेवर इतकी वर्षं चाललीय.

शेवटी दोन्ही कात्र्या धारवाल्याकडे नेल्या. त्याने आधी जुन्या पात्यावर कानस फिरवली, ती जेमतेम पकडत होती, सरकतच होती. नव्या पात्यावर मात्र पहिल्याच घासणीला चुरा पडला. म्हणाला, याला पाणीच दिलेलं नाही (म्हणजे तापवून, बुडवून कडक केलेलं नाही), साधं लोखंड आहे, कितीही धार लावा, टिकणार नाही. बॉक्सवर एसके-5 (हे एक जपानी कार्बन स्टील) छापलंय, ते खरं असतं तर त्यात 0.8 टक्क्यांच्या आसपास कार्बन असता आणि पातं चांगलं कडक झालं असतं. साध्या माइल्ड स्टीलमध्ये कार्बन इतका कमी असतो की ते तसं कडक होतच नाही, वरून मुलामा मात्र कशालाही देता येतो. चुंबक लावून बघू नका, दोन्हीला चिकटतं. फ्रीचा सिकेटर पण खालच्या सपाट पट्टीवर दाबून कापणारा निघाला, तो वाळक्या काटक्यांना ठीक, ओल्या फांदीचा चेंदा करतो.

बॉक्स नीट बघितला तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, कोणत्या देशात बनलं तेही नाही. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने सक्तीचं आहे. बिल म्हणून दिलेल्या कागदावर 'एस्टिमेट' लिहिलंय, जीएसटी नंबर नाही, आणि यूपीआयने पैसे गेले ते स्टॉलच्या नावाने नाही, कुणा भलत्याच माणसाच्या खात्यात.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, यूपीआयची नोंद आणि बॉक्सचे फोटो जोडलेत. कमिटीच्या मीटिंगमध्ये दोन्ही पाती टेबलावर ठेवून कानस फिरवून दाखवली, तेव्हा मामांचं नाव मागे घेतलं गेलं. नवी कात्री शेती अवजारांच्या दुकानातून घेतली, नट-बोल्टची, दुकानदाराने पॅकिंग उघडून मामांच्या हातात दिली, त्यांनी तिथेच फांदी कापून बघितली, मग पक्कं बिल घेतलं. अशाच हिरव्या मुठीची कात्री तुमच्याकडे आली असेल तर बॉक्स टाकू नका, पेमेंटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तुम्हीही 1915 ला कळवा.